रस्त्याच्या अलीकडचं दुकान

सॅन बर्नार्डिनोला पाहुणे मुद्दाम जात नाहीत. लॉस एंजेलिसकडून लास वेगासला किंवा ग्रँड कॅन्यनला निघालेल्या गाड्या शहराच्या कडेकडेने कहोन घाट चढतात आणि मोहावीच्या वाळवंटाला लागतात. मुलाबाळांकडे आलेली आपली मंडळीही याच रस्त्याने जातात. डिकीत चिवडा आणि पाण्याच्या बाटल्या असतात, आणि चहाला थांबायचं ते घाट ओलांडून पुढे, बार्स्टोला. मधे एक मोठं, दमलेलं शहर मागे पडलं, हे कुणाच्या ध्यानातही राहत नाही.

आज जगभर हातात धरून जे खाल्लं जातं, त्यातलं बरंच काही याच शहरातून निघालं. मॅकडॉनल्ड बंधूंनी आपलं हॉटेल १९४० साली इथे, ई स्ट्रीट आणि चौदाव्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावर उघडलं. १९४८ मध्ये तिथेच त्यांनी लांबलचक मेन्यू, काचेची भांडी, गाडीपाशी ताट आणून देणाऱ्या मुली, सगळं काढून टाकलं आणि बर्गर बनवायची कारखान्यासारखी पद्धत बसवली. त्या जागी आता संग्रहालय आहे. मला जिथे जायचं होतं त्या जागेचं संग्रहालय झालेलं नाही. तिथे रोज चूल पेटते. माउंट व्हर्नन अ‍ॅव्हेन्यूवरचं मित्ला कॅफे लुसिया रोद्रिगेस या बाईंनी १९३७ साली सुरू केलं आणि पिढ्या उलटल्या तरी ते त्यांच्या घराण्याकडेच राहिलं. टाको बेल या साखळीचा संस्थापक ग्लेन बेल टाको, म्हणजे मक्याच्या पोळीत सारण भरून केलेला मेक्सिकन पदार्थ, करायला शिकला तो इथे. त्याची बर्गर-हॉटडॉगची टपरी रस्त्याच्या पलीकडे होती.

पुण्यातल्या मॉलमध्ये टाको बेलच्या जांभळ्या पाटीखाली पोरांची रांग मी पाहिलेली आहे. भारतात ही साखळी २०१० मध्ये बंगळुरूत आली आणि मग आपल्याकडेही पसरली. पण ज्या स्वयंपाकघरातून ती कृती निघाली ते अजून चालू आहे, तिथे जाऊन चार घास खाता येतात, हे कळल्यावर माझ्या डोक्यातून ते जाईना.

माझा धाकटा भाऊ रँचो कुकामाँगाला राहतो. त्याच्या मुलीला कॉलेजची सुट्टी होती आणि शाळेपासून स्पॅनिश शिकल्यामुळे तिला तोडकंमोडकं नव्हे, चांगलं बोलता येतं. ती म्हणाली, "काका, मी येते, तू एकटा नको जाऊस." भावाने गाडीने सोडतो म्हणून आग्रह केला, पण मला आगगाडीनेच जायचं होतं, कारण मित्लाची गोष्ट सुरू होते ती रेल्वेपासून.

मेट्रोलिंकची लोकल फाँटाना, रिआल्टो घेत येते आणि आपल्याला उतरवते ती सांता फे रेल्वेने १९१८ मध्ये बांधलेल्या स्टेशनात. कमानी, घुमटवाले मनोरे, लाल कौलं. इतकं मोठं स्टेशन आणि लोकलमधून उतरलेली माणसं मूठभर. पण रूळ काही ओस पडलेले नाहीत. एकावर एक दोन कंटेनर चढवलेल्या मालगाड्या बाजूच्या यार्डात उभ्या असतात आणि त्यांचं शेपूट कुठे संपतं ते दिसत नाही. एके काळी या रेल्वेचे दुरुस्तीचे कारखाने इथे होते. इंजिनं इथे उघडली जायची, धुतली जायची, पुन्हा जोडली जायची. मेक्सिकोतून आलेले कामगार रुळांवर, कारखान्यात आणि भोवतालच्या संत्र्यांच्या बागांमध्ये राबायचे आणि स्टेशनाच्या अंगाला, शहराच्या पश्चिम भागात राहायचे. त्या भागाला सगळे वेस्टसाइड म्हणतात. माउंट व्हर्नन हा तिथला मोठा रस्ता, आणि शिकागोहून सांता मोनिकाला जाणारा रूट ६६ याच रस्त्यावरून जायचा.

१९३७ म्हणजे काय काळ होता, हे लक्षात घ्यायला हवं. मंदीची वर्षं होती. कामं आटली तेव्हा अमेरिकेतल्या ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांनी मेक्सिकन वंशाच्या लोकांना गाड्यांमध्ये बसवून सीमेपलीकडे धाडलं. लाखो माणसं गेली, आणि त्यांत अमेरिकेतच जन्मलेली, अमेरिकेचे नागरिक असलेली पोरंबाळंही पुष्कळ होती. ज्या समाजाला नुकतंच असं सांगितलं गेलं होतं की तुम्ही इथले नाही, त्या समाजातली एक बाई हमरस्त्यावर पाटी लावून हॉटेल उघडते. नाव देते मित्ला. ओआखाका प्रांतातल्या सापोतेक लोकांच्या जुन्या नगरीचं हे नाव. तिथल्या वाड्यांच्या भिंती दगडाचे हजारो तुकडे एकमेकांत बसवून केलेल्या नक्षीने मढवलेल्या आहेत. त्या नगरीजवळच्या एका गुहेत, गिला नाकित्समध्ये, सहा हजार वर्षांहून जुनी मक्याची कणसं सापडलेली आहेत. बाईंनी पाटी रंगवली तेव्हा ही कणसं कुणाला ठाऊक नव्हती, पण मक्याच्या पोळीवर उभ्या राहिलेल्या दुकानाला याहून साजेसं नाव मला तरी सुचलं नसतं.

स्टेशनापासून मित्लापर्यंत चालत जाता येतं. टायरचं दुकान, बेकरी, मधेच रिकामे प्लॉट आणि कायमची बंद झालेली दारं. उत्तरेला डोंगर एकदम अंगावर येतात आणि त्यांतल्या एकावर बाणाच्या टोकाच्या आकाराचा फिकट पट्टा दिसतो. तो निसर्गानेच काढलेला आहे. शहरभर कुठूनही दिसतो. फूटपाथवर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मित्ला येतं तेही कसलाही गाजावाजा न करता. एकमजली बैठी इमारत, पाटी, दार. जिथून इतकं मोठं काही निघालं त्या जागेपुढे लोक फोटो काढत उभे असतील असं मला वाटलं होतं. दारापुढे होता एक पिकअप ट्रक आणि त्यात रंगाचे डबे.

आत बरीच गर्दी होती. बाहेरच्या रस्त्यावर जी माणसं दिसत नव्हती ती इथे होती. रंगकाम करणाऱ्यांचं टोळकं, एक आजी आणि त्यांच्याभोवती सगळं कुटुंब, पालिकेचे किंवा कोर्टाचे असावेत असे गळ्यात ओळखपत्र अडकवलेले दोघे. भिंतींवर जुने फोटो. आम्हाला बसवायला आलेल्या बाईंशी पुतणी स्पॅनिशमध्ये बोलली, त्यांनी इंग्रजीत उत्तर दिलं, ती पुन्हा स्पॅनिशमध्ये बोलली, तेव्हा त्या हसल्या आणि दोघींचं जमलं. बसल्याबरोबर चिप्स आणि साल्सा आला. चिप्स गरम होते. साल्सा पातळ, मिरचीचा झणका मागाहून चढणारा. मिरची मूळची त्यांचीच. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि आपण ती इतकी आपली केली की कोल्हापूरच्या माणसाला तिचं मूळ गाव विचारलं तर तो शिवारच दाखवेल.

मग टाको आले, आणि इथे मला जरा थांबायचं आहे.

साखळीतला टाको म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. इंग्रजी यू अक्षरासारखं कडक, एकसारखं कवच. पहिल्या घासाला मधोमध तडकतं आणि आतलं सारण ताटात सांडतं. मित्लाचा टाको दिसायला त्याचा वडील शोभतो, पण हातात घेतला की नातं किती लांबचं आहे ते कळतं. मक्याची टॉर्टिया, म्हणजे पातळ पोळी, इथे सारणासाठी दुमडून तळलेली असते, करंजीसारखी अर्धगोल. कडेला ती खुसखुशीत झालेली, बारीक फोड आलेले, आणि घडीच्या जागी मात्र अजून लवचीक. त्यामुळे ती मोडत नाही, वाकते. आत खिमा. मसाल्यांचा भडिमार नाही, मीठ-मिऱ्याच्या पलीकडे फार काही नसावं. त्यावर लांब चिरलेला आइसबर्ग लेट्यूस, टोमॅटोच्या फोडी, आणि वरून किसलेलं पिवळं चेडर चीज, सढळ हाताने. खिम्याला टेकलेलं चीज विरघळलेलं आणि वरचं तसंच थंड, सुटं. दात लावला की आधी कड मोडल्याचा आवाज, मग तळलेल्या मक्याचा वास, आणि हा वास साध्या मक्याच्या पिठाला येत नाही. दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून, मुरवून, मग दळलेले असतात, त्याचा तो वास. मग थंड लेट्यूसचा कचका, टोमॅटोचा रस, आणि शेवटी खिमा. गरम आणि थंड एका घासात येतं आणि दोन्ही आपापल्या जागी राहतं. मी एक टाको संपेपर्यंत बोललो नाही. पुतणीने दुसरा उचलला होता.

आता पलीकडच्या दुकानाची गोष्ट.

ग्लेन बेल हा महायुद्धातून परतलेला नौदलाच्या मरीन तुकडीतला तरुण. परत येऊन त्याने सॅन बर्नार्डिनोत खाण्याच्या टपऱ्या टाकल्या. १९५०च्या आसपास त्याची बर्गर-हॉटडॉगची टपरी माउंट व्हर्ननवर मित्लाच्या समोर आली. समोर रोज रांग लागते, हे त्याला दिसत होतं. टपरी बंद केली की तो रस्ता ओलांडून मित्लात जायचा आणि टाको खायचा. खाऊन घरी जाऊन करून बघायचा. जमेना, तेव्हा पुन्हा जायचा. शेवटी मित्लाच्या माणसांशी त्याची ओळख वाढली आणि त्यांनी त्याला आत घेऊन टाको कसा करतात ते दाखवलं.

बेलची खरी अडचण चवीची नव्हती, वेळेची होती. टॉर्टिया हाताने दुमडून एकेक तळायची, पुढचा ग्राहक तोवर ताटकळत उभा. मॅकडॉनल्डच्या शहरात वाढलेल्या माणसाला हे परवडण्यासारखं नव्हतं. त्याने तारेची चौकट बनवून घेतली. कोंबड्यांची खुराडी बनवणाऱ्या कारागिराकडून. तीत सहा टॉर्टिया एका वेळी अडकवायच्या आणि तेलात सोडायच्या. कवचं आधीच तळून रचून ठेवायची आणि गिऱ्हाईक आलं की भरून द्यायची. त्याने आपला पहिला टाको एकोणीस सेंटला विकला. १९५४ मध्ये त्याने टाको-टिया काढलं, मग एल टाको, आणि १९६२ मध्ये डाउनी गावात पहिलं टाको बेल. १९७८ मध्ये पेप्सिकोने ही कंपनी विकत घेतली तेव्हा तिची ८६८ दुकानं झाली होती. बेलच्या हाताखाली काम केलेल्या एकाने पुढे डेल टाको काढलं, दुसऱ्याने वीनरश्नित्सेल ही हॉटडॉगची साखळी. एका रस्त्याच्या दोन बाजूंमधलं अंतर किती, आणि त्यातून काय काय बाहेर पडलं.

न्याय म्हणून एवढं सांगायला हवं की कडक टाको मित्लाने शोधला असं मित्लाही म्हणणार नाही. टॉर्टिया दुमडून तळायची रीत मेक्सिकोत घरोघरी होती. तिकडे न्यूयॉर्कमध्ये हुवेन्सियो माल्दोनादो या मेक्सिकन हॉटेलवाल्याने एकाच वेळी अनेक टाको तळायच्या साधनाचं पेटंट १९५० मध्येच मिळवलं होतं, म्हणजे बेलच्या पहिल्या टाकोच्या आधी. बेलचं भांडवल कृतीत नव्हतंच. बँकेच्या दारात उभं राहिलं तर आत घेतलं जाईल, डाउनीत, टॉरन्समध्ये, कुठल्याही गोऱ्या उपनगरात जागा मागितली तर मिळेल, ही खात्री त्याच्यापाशी होती. वेस्टसाइडच्या माणसाला १९५० साली ती खात्री कोण देणार?

पुतणीला हे सगळं मी टेबलावर सांगितलं आणि तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "काका, म्हणजे यांना काहीच मिळालं नाही? हे किती अनफेअर आहे." आणि तिचं बरोबर होतं. वीस वर्षांच्या मुलीला याचा राग यायलाच हवा. या घराण्यातल्या एका ज्येष्ठ बाईंनी एका पत्रकाराशी बोलताना बेलचं कौतुकच केलं होतं, माणूस धडपड्या होता म्हणून. तेही मी तिला सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. माझंही कौतुकाने समाधान होत नाही. मोठ्या मनाने सोडून दिलं म्हणून घडलं ते योग्य ठरत नाही. पण मित्लाची सगळी गोष्ट बेलपाशी सुरू होऊन बेलपाशीच संपते, असं जे जगभर सांगितलं जातं, ते मला त्या अन्यायाहून जास्त खटकतं. बेल समोर येण्याच्या आधी याच टेबलांवर जे घडलं ते त्या ८६८ दुकानांहून मोठं होतं, आणि ते फारसं कुणाला ठाऊक नाही.

शहराच्या ईशान्य भागात पेरिस हिल पार्क नावाची बाग आहे. तिथे पालिकेने पोहण्याचा तलाव बांधला होता, सगळ्यांच्या करातून. सॅन बर्नार्डिनोचा उन्हाळा विदर्भाच्या माणसाला सांगायला नको, पारा चाळिशीच्या वर सहज जातो. त्या तलावात मेक्सिकन वंशाच्या लोकांना प्रवेश नाकारला जायचा. हे १९४३ साल. याच वेस्टसाइडची तरणी पोरं त्या वेळी अमेरिकेच्या गणवेशात पॅसिफिकमध्ये आणि युरोपात लढत होती. सुट्टीवर आला तर सैनिकालाही बागेच्या दारातून परत फिरावं लागेल, अशी स्थिती.

वेस्टसाइडच्या लोकांनी समिती केली आणि तिच्या बैठका भरत त्या मित्लात. आपल्या मालकीची, आपल्या भाषेत बोलता येईल अशी, आणि रात्री उशिरापर्यंत बसलं तरी कुणी उठवणार नाही अशी जागा त्या वस्तीत किती असणार? स्पॅनिश वृत्तपत्र चालवणारे संपादक इग्नासिओ लोपेस, एक धर्मगुरू आणि आणखी तिघे असे पाच जण वादी झाले आणि आपल्यासारख्या आठेक हजार रहिवाशांच्या वतीने त्यांनी महापौरांवर आणि पालिकेवर संघीय न्यायालयात दावा लावला. लोपेस विरुद्ध सेकोम. सेकोम म्हणजे ते महापौर. वकील होते डेव्हिड मार्कस. फेब्रुवारी १९४४ मध्ये न्यायाधीश लिऑन यांकविच यांनी निकाल दिला की मेक्सिकन वंशाच्या नागरिकांना तलावातून आणि बागेतून वगळणं राज्यघटनेत बसत नाही. पालिकेला मनाईहुकूम झाला.

याचा पुढचा दुवा बघा. हेच मार्कस लगेच ऑरेंज काउंटीतल्या शाळांचा खटला लढले, मेंडेस विरुद्ध वेस्टमिन्स्टर. मेक्सिकन मुलांना वेगळ्या शाळेत घालण्याविरुद्धचा. १९४६ मध्ये तो ते जिंकले आणि १९४७ मध्ये तो निकाल अपिलातही टिकला. शाळांमधला वर्णभेद देशभर बेकायदा ठरवणारा ब्राउन खटल्याचा निकाल १९५४ चा. म्हणजे त्याच्या दहा वर्षं आधी एका टाकोच्या दुकानात, दिवसाचा गल्ला मोजून झाल्यावर, भांडी घासायला घेतलेली असताना, माणसं याच प्रश्नावर बसून बोलत होती. कॉफी, उरलेला भात-राजमा, कागद, आणि दावा लावला तर कुणाची नोकरी जाईल याची भीती. त्या बैठकांचं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही, पण वस्तीच्या हॉटेलात रात्री उशिरा चाललेली बैठक कशी असते ते मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

पुतणी गप्प झाली होती. मग तिने फोनवर निकालपत्र शोधलं. ते खरंच आहे तिथे, दोन-तीन पानांचंच. तिने त्यातली वाक्यं मला तिथेच वाचून दाखवली. शेजारच्या टेबलावर एकटे जेवत असलेले एक आजोबा काटा खाली ठेवून ऐकायला लागले. त्यांचे वडील सांता फेच्या कारखान्यात होते. कारखाना सुटला की कामगार थेट इकडे यायचे, असं त्यांनी सांगितलं. मित्लाची बेसबॉलची टीम होती, तिच्या शर्टावर दुकानाचं नाव असायचं, आणि रविवारी सामना झाला की दोन्ही टीम इथे जेवायला. तलावाबद्दल त्यांना माहीत होतं. घरात बोललं जायचं म्हणाले. टाको बेलबद्दल पुतणीने विचारलं, तर त्यांना त्यात काडीचा रस नव्हता. त्यांनी तिला चिले रेयेनो मागवायला सांगितलं.

चिले रेयेनो म्हणजे चीज भरून, अंड्याच्या फेसाळ आवरणात तळलेली मोठी हिरवी मिरची. ती आली. ती उत्तम होती. त्याहून जास्त तिच्याबद्दल नको, कारण मला टाकोबद्दल अजून बोलायचं आहे.

अमेरिकेत खवय्यांचा एक वर्ग आहे जो या टाकोकडे बघणारही नाही. पिवळं चेडर, आइसबर्ग लेट्यूस, खिमा, हे काही खरं मेक्सिकन नव्हे, असं ते सांगतील. मेक्सिको सिटीतून नुकता आलेला माणूसही कदाचित हेच म्हणेल, आणि त्याच्या शहरापुरता तो बरोबर असेल. पण अन्न अस्सल आहे की नाही हे फक्त मूळ देशाच्या नकाशावर ठरवायचं, ही रीत मला कधीच पटलेली नाही. सीमेपासून लांब, रेल्वेच्या वस्तीत, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जे मिळत होतं त्यातून हा टाको उभा राहिला. चेडर मिळत होतं, म्हणून चेडर. लेट्यूस कॅलिफोर्नियातच पिकत होतं, म्हणून लेट्यूस. गोमांसाचा खिमा स्वस्त होता आणि बारा तास हातोडा चालवून आलेल्या माणसाचं पोट भरायला तोच हवा. टॉर्टिया तेवढी सोडली नाही. हे वेस्टसाइडचं अन्न आहे आणि वेस्टसाइडचं म्हणून ते शंभर टक्के अस्सल आहे. सॅन अँटोनिओचा फुगलेला टाको, सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागातला टॉर्टियात सारण गुंडाळलेला भला थोरला बुरितो, हेही असेच आपापल्या वस्तीचे. त्यांना मेक्सिकोच्या तराजूत तोलून कमी ठरवणारा माणूस त्या वस्त्यांनी काय सोसलं आणि काय रचलं हे बघायलाच तयार नसतो.

आणि या वस्तीने सोसलं बरंच. पन्नासच्या दशकात शहरामधून फ्रीवे काढला, तो नेमका वेस्टसाइड आणि बाजारपेठ यांच्या मधून. मुख्य रहदारी माउंट व्हर्ननवरून उठली ती कायमची. रूट ६६ चा फलक सरकारी यादीतून १९८५ मध्ये उतरला. फाँटानाचा कैसर कंपनीचा पोलाद कारखाना बंद झाला, सांता फेचे कारखाने हलले, नॉर्टनचा हवाई तळ १९९४ मध्ये बंद झाला. २०१२ मध्ये खुद्द शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्या रेल्वे कामगारांसाठी, ज्या हमरस्त्याच्या गिऱ्हाइकांसाठी हे दुकान उघडलं होतं, ते सगळे एकेक करून गेले. दुकान जागचं हललं नाही. दुसरी शाखा काढून चांगल्या वस्तीत जाणं, नाव भाड्याने देणं, हे रस्ते या घराण्याला दिसत नव्हते असं कसं म्हणू? समोरच्या माणसाने काय केलं ते त्यांच्याइतकं जवळून कुणी पाहिलं होतं?

वाढणाऱ्या धंद्याची गोष्ट सांगायला सोपी असते, आकडे आपोआप पुढे सरकतात. टिकलेल्या धंद्याची गोष्ट सांगायला आकडा एकच, १९३७. बाकी सगळं रोजचं. पहाटे मका, भाजी, चीज. उसळी मारणारं भाडं, मिळत नसलेला आचारी, मंदी, साथ, पोरांपैकी कोण गल्ल्यावर बसणार याची दर पिढीला नव्याने होणारी बोलणी. हे मी अंदाजाने लिहीत नाही. माझ्या आजोळी किराण्याचं दुकान होतं आणि ते चालवणाऱ्या मामांनी वीस वर्षांत एकही लग्न पूर्ण पाहिलं नाही, अक्षता पडल्या की ते दुकानाकडे निघायचे. बेलने जे केलं त्याला हुशारी लागली, हे खरं. मित्लाने जे केलं त्यालाही ती लागली, आणि वर दर पिढीत कुणीतरी आपलं आयुष्य त्या एका जागेला द्यावं लागलं. मला कौतुक वाटतं ते या दुसऱ्यांचं, आणि ते मी उघडपणे वाटू देणार आहे.

बिल द्यायला उठलो तेव्हा आजींचं कुटुंब अजून बसलेलं होतं. आजींनी वाढदिवसाचा कागदी मुकुट घातला होता, ते आत्ता लक्षात आलं. पुतणीने त्यांना स्पॅनिशमध्ये शुभेच्छा दिल्या. त्यांनी तिचा हात धरून ठेवला, ती कुठली, काय शिकते, लग्न झालं का, सगळं विचारून घेतलं. परत स्टेशनाकडे जाताना ती मला म्हणाली की पुढच्या सत्रात तिला एका पेपरसाठी विषय निवडायचा आहे आणि तो तिने निवडला आहे. तलावाचा खटला. मी तिला म्हटलं, मग पुन्हा येऊन त्या आजोबांशी बोल, आणि तेही लवकर. ती म्हणाली, "त्यांचा नंबर घेतलाय काका." मला तो घेताना ती दिसलीच नव्हती.

तुम्ही त्या बाजूला जाणार असाल, वेगासच्या वाटेवर किंवा कुणाकडे राहायला, तर अर्धा दिवस काढा. शक्य असेल तर लोकलने जा आणि १९१८ चं स्टेशन नीट बघा, आत रेल्वेचं आणि शहराच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय आहे. मग चालत मित्ला. मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी तलावाची गोष्ट सांगा आणि मग बेलची, या क्रमाने. शाकाहारी माणसांनी राजमा आणि भात यांत चरबी घातली आहे का ते विचारून घ्यावं, विचारलेलं कुणाला खटकत नाही. टाको तिथेच बसून खा. पार्सल नेऊ नका. वाफेने कड मऊ पडते, लेट्यूस कोमेजतं, आणि मग त्यात आणि पलीकडच्या टाकोत फरक तो काय, असं घरचे म्हणतील.